मिरजेचा जनानी तंबोरा: पांढरी चारपासून पांढरी सातपर्यंत

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील ज्या दुकानातून मी गेल्या वर्षी तंबोरा घेतला, तेथील वयस्कर कारागिरांनी मला भोपळा केवढा हवा, नक्षी कोणती हवी किंवा किती किमतीपर्यंतचा दाखवू, यांपैकी काहीही विचारले नाही. ‘पट्टी कोणती?’, म्हणजे गाताना सा कोणत्या उंचीवर धरता, एवढेच त्यांनी विचारले. ‘काळी चार, क्वचित काळी पाच,’ असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, ‘ताई, जरा सा लावा बघू.’ मी षड्ज लावला, मंद्र पंचमापर्यंत खाली गेले, तार षड्जाला जाऊन आले, आणि मगच त्यांनी भिंतीला टेकवलेल्या आठ-दहा तंबोऱ्यांतून दोन बाजूला काढले. वर्षभर रोज वापरल्यानंतर या तंबोऱ्याविषयी लिहिताना मी त्याच प्रश्नाला धरून लिहिणार आहे, कारण विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो कोणी विचारत नाही आणि त्याचे परिणाम मी स्वतः सोसलेले आहेत.

आधी वाद्याची ओळख. हा चार तारांचा जनानी तंबोरा आहे: पहिली तार मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी मंद्र षड्जाची, तो खर्ज. दांडी आणि भोपळ्याचे तोंड झाकणारी तबली तुणीच्या लाकडाची असून भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आहे; मिरजेला भोपळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच भागातून येतात. तबलीवरच्या घोडीच्या माथ्यापासून खुंट्यांजवळच्या मेरूपर्यंतचे, म्हणजे तारा टेकतात त्या दोन आधारांतले अंतर, म्हणजे तारेचा प्रत्यक्ष वाजणारा भाग, ३२ इंच आहे. गवसणीसह तो मला ३४ हजार रुपयांना पडला. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोघांनाही २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; मात्र मानांकन वाद्याच्या घडणीची आणि गावाची हमी देते, ते वाद्य आपल्या गळ्याला जुळेल की नाही हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते.

माझा पहिला तंबोरा मी सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातील एका दुकानातून घेतला होता. ‘मधल्या मापाचा आहे, बाया-पुरुष सगळ्यांना चालतो, कोणत्याही पट्टीत लावा,’ असे विक्रेत्याने सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. त्याची वाजणारी लांबी ३६ इंच होती आणि पंचमाची तार पितळी होती. काळी चारला तो कसाबसा उभा राहत असे. काळी पाचला लावला की पंचमाची तार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुटे, आणि ती नेहमी स्वर जवळजवळ जुळत आला असताना, खुंटीच्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात तुटे. मी जाड तार लावून पाहिली, ती तुटली. बारीक तार लावून पाहिली, तीही त्याच सुमारास तुटली. खुंटी पिळण्याची माझी पद्धत चुकते आहे असे समजून मी दोन वर्षे स्वतःलाच दोष देत राहिले.

खरे कारण साध्या गणितात आहे. तारेची कंपनसंख्या तिची लांबी, ताण आणि वजन या तीन गोष्टींवर ठरते. जाड तार जास्त ताण सोसते हे खरे, पण तोच स्वर गाठायला तिला त्याच प्रमाणात जास्त ताणावेही लागते, त्यामुळे जाडीचा फायदा पुरता खर्ची पडतो. कोणत्याही धातूची तार ठरावीक लांबीवर कोणत्या स्वरापर्यंत चढेल, ही मर्यादा तिच्या जाडीवर अवलंबून नसते. ती धातूच्या ताकदीवर आणि लांबीवर असते. पितळ पोलादापेक्षा जड आणि कमकुवत आहे. पुरुषाच्या काळी एकचा मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झचा असतो, तेथे पितळी तार ३६ इंचांवर निर्धास्त राहते. बाईच्या काळी पाचचा मंद्र पंचम सुमारे १७५ हर्ट्झवर जातो आणि त्याच लांबीवर पितळ आपल्या सहनशक्तीच्या टोकाला येते. माझा तो तंबोरा वाईट बनवलेला नव्हता. तो पुरुषी पट्टीसाठी बांधलेला आणि तशाच तारा चढवलेला होता, आणि मला तो माझा म्हणून विकला गेला.

पट्ट्यांची नावे आपण पेटीवरून घेतली आहेत, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. सप्तकातली पहिली पांढरी, म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, ही पांढरी एक. तिच्या लगतची काळी एक. आणि याच क्रमाने पांढरी सातपर्यंत एकूण बारा, लगतच्या दोन पट्ट्यांत अर्ध्या स्वराचे अंतर. पुढील सर्व निरीक्षणे मी मोबाइलवरील स्वरमापक ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर ठेवून केली आहेत. जुन्या पेट्या या प्रमाणापासून थोड्या वर-खाली असतात, म्हणून घरच्या पेटीला लावून कोणी हेच पाहिले तर थोडा फरक दिसेल.

नव्या तंबोऱ्याचे घर काळी चार आहे. येथे जोडीच्या तारा सुमारे २०८ हर्ट्झवर, पंचम १५६ वर आणि खर्ज १०४ वर बसतो. कारागिरांनी जवारी, म्हणजे नाद खुलावा म्हणून घोडीचा माथा घासून देणे, याच पट्टीत काढली, आणि ते काम मी समोर बसून पाहिले. घोडीच्या माथ्यावर कानस दोन-तीनदा हलकेच फिरवायची, बोटाने भुकटी पुसायची, तार परत खाचेत बसवून छेडायची, कान भोपळ्याजवळ नेऊन ऐकायचे, आणि पुन्हा तार उचलायची. सव्वा तास हे चालले होते. शेवटी त्यांनी पांढरे सूत तारेखाली सरकवले आणि ते केसभर पुढे-मागे करू लागले. एका जागी तार नुसती टणटणत होती. सूत किंचित पुढे आले आणि तीच तार आतून उजळल्यासारखी झाली, तिचा नाद लांबला आणि त्यातून वरचे स्वर एकेक करून उलगडू लागले. खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो असे आपण शिकतो, पण माझ्या आधीच्या तंबोऱ्यात तो मी कल्पनेनेच ऐकत होते. येथे तो खर्ज छेडल्यानंतर अर्ध्या-पाऊण क्षणाने स्पष्ट वर येतो. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा, म्हणजे सुमारे ५१९ हर्ट्झचा हा स्वर आहे, आणि माझ्या विद्यार्थिनींना शुद्ध गंधार कोठे लावायचा हे मी आता पेटीवर न दाखवता या तारेवर ऐकवते.

घोडीच्या या रुंद, किंचित उतरत्या माथ्याचे शास्त्रीय महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवले आहे. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचे निस्पंद बिंदू, म्हणजे कंपन नसलेल्या जागा, असतात ते उपस्वर उमटू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे. तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर तो टिकत नाही, तेही उपस्वर जोराने ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. पट्टीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तंबोऱ्याची तार नुसती स्वरात असून भागत नाही, तिचा ताणही त्या घोडीच्या उताराशी जुळावा लागतो. ताण कमी झाला तर तार माथ्यावर लोळते आणि खरखरते. वाढला तर ती माथ्यापासून सुटते आणि नाद कोरडा पडतो. म्हणूनच कोणत्याही तंबोऱ्याला एक घरची पट्टी असते आणि तिच्या आजूबाजूला मोजकाच प्रदेश असतो. हा प्रदेश किती, हे मी गेल्या पावसाळ्यापासून एकेक पट्टी आठवडाभर लावून तपासले.

काळी चारवरून पांढरी सहाला जाताना काहीही बदलावे लागले नाही. सूत किंचित मागे घेतले की झाले. काळी पाचला, म्हणजे घरापासून दोन पट्ट्या वर, चारही तारांवरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो आणि तो कानाला कळतो: जोड अधिक टोकदार होते, पंचम थोडा कडक होतो, पण खर्ज मात्र येथेच सर्वांत चांगला बोलतो. मैफलीत दुसऱ्या तंबोऱ्याबरोबर हा वाजला तेव्हा मागे बसलेल्यांनी खर्जाची वेगळी दाद दिली. या तंबोऱ्यावर पंचमाची तारही पोलादी आहे, आणि त्याची खरी किंमत मला मारव्याच्या वेळी कळली. मारवा, पूरिया, सोहनी यांसाठी पहिली तार निषादात लावायची तर पंचमापासून ती चार पट्ट्या चढवावी लागते आणि एवढ्याने ताण सुमारे ५९ टक्के वाढतो. काळी पाचचा तो निषाद २२० हर्ट्झचा आहे. पितळी तार ३२ इंचांवरसुद्धा तेथपर्यंत टिकणार नाही. माझी पोलादी तार महिनाभर रोज निषादात राहिली, मालकंसासाठी पुन्हा मध्यमात उतरली, आणि तुटली नाही. कारागिरांना मी हे रागांचे वेळापत्रक आधी सांगितले नव्हते. ‘पहिली तार वर-खाली होणारच,’ असे म्हणून त्यांनीच ती तार निवडली होती.

पांढरी सातला मात्र मी या तंबोऱ्याची शिफारस करणार नाही. घरापासून तीन पट्ट्या वर गेल्यावर ताण ४१ टक्क्यांनी वाढतो. तारा तुटत नाहीत, स्वरही स्थिर राहतो, पण नाद आखडतो. छेडल्याबरोबर मोठा येतो आणि लवकर ओसरतो, त्यामुळे चार तारांचा एकमेकींत मिसळणारा जो अखंड पडदा हवा तो तयारच होत नाही. तबलीवर पडणारा भार लक्षात घेता मी तो आठवड्याऐवजी तीनच दिवस त्या पट्टीत ठेवला. माझ्याकडे शिकणाऱ्या एका लहान मुलीचा गळा सध्या पांढरी सातचा आहे, आणि तिच्या घरच्यांना मी याहून आखूड, तीस इंचांच्या आतला तंबोरा पाहण्यास सांगितले आहे.

खालच्या बाजूला पांढरी पाच आणि काळी तीन समाधानकारक आहेत. काळी तीनला खर्ज थोडा सैल वाटतो, पण जोड इतकी गोड होते की मला ती काळी चारपेक्षाही आवडली. भूप तेथे गावा असे वाटते. पांढरी चारला मात्र खर्जाने साथ सोडली. तीन पट्ट्या उतरल्यावर ताण सुमारे २९ टक्क्यांनी घटतो. खर्ज ८७ हर्ट्झच्या आसपास येतो आणि ती पितळी तार इतकी ढिली होते की बोट जरा जोरात पडले तर स्वर आधी चढतो आणि मग खाली येऊन बसतो. तंबोऱ्यात हे चालत नाही. सूत हलवून, बारीक मिळवणीसाठी तारेत ओवलेले मणी सरकवून मी पुष्कळ प्रयत्न केले. शेवटी एक नंबर जाड पितळी तार लावल्यावर खर्ज बराच सुधारला, कारण खाली उतरताना जाडी उपयोगी पडते: तेवढ्याच स्वराला जास्त ताण मिळतो आणि तार सावरते. हीच जाडी वर चढताना मात्र तबलीवरचा भार वाढवते, तेव्हा पांढरी चार आणि काळी पाच अशा दोन्ही पट्ट्यांची माणसे घरात असतील तर एका तंबोऱ्यावर दोघांची सोय होईल असे समजू नये.

माझ्या गुरुजींचा मर्दानी तंबोरा काळी एकचा आणि ३८ इंच लांबीचा आहे. दोन्ही वाद्ये शेजारी ठेवून पाहण्याची संधी मिळाली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यांची पट्टी आणि माझी पट्टी यांत सात पट्ट्यांचे अंतर आहे, पण ३८ आणि ३२ इंचांतला फरक जेमतेम तीन पट्ट्यांचा भरतो. उरलेल्या चार पट्ट्या तारांची जाडी, धातू आणि ताण यांतून येतात. म्हणजे केवळ फूटपट्टी लावून तंबोरा निवडता येत नाही, त्यावर कोणत्या तारा आहेत हेही पाहावे लागते. आणि केवळ तारा बदलून मर्दानी तंबोऱ्याचा जनानी करता येईल असेही नाही, कारण त्याची घोडी, तबली आणि भोपळा त्या खालच्या स्वरांसाठी घडवलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक सुखाची आहे. त्यांच्या काळी एकचा मंद्र पंचम आणि माझ्या काळी चारचा खर्ज हा एकच स्वर आहे, दोन्ही १०४ हर्ट्झचे. त्यांनी आपली पहिली तार छेडली की माझ्या तंबोऱ्याचा खर्ज हात न लावता थरथरतो. त्या तारेवर कागदाचा बारीकसा कपटा ठेवला तर तो उडून पडतो. माझा खर्ज नीट मिळाला आहे की नाही हे आम्ही आता असेच तपासतो.

मर्दानी आणि जनानी ही नावे दुकानदारीच्या सोयीची आहेत, ती गळ्यावर लादू नयेत. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरील उपचारांनंतर खाली उतरला आणि पुढे त्याच भरदार, खालच्या आवाजाने त्यांनी मैफली गाजवल्या. दुसरीकडे, ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, जेथे १९३७ मध्ये त्यांना दफन करण्यात आले आणि जेथील दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही गायक हजेरी लावतात, ते स्वतः चढ्या, बारीक आवाजात गात. दुकानात गेल्यावर ‘लेडीज’ किंवा ‘जेंट्स’ न सांगता आपली पट्टी सांगावी, आणि ती ठाऊक नसेल तर गुरूंकडून नक्की करून घेऊन मगच मिरजेची गाडी पकडावी.

आता उणिवा. खुंट्यांची बसकण मला अपेक्षेइतकी चांगली मिळाली नाही. जूनअखेरीपासून दमट हवेत त्या इतक्या घट्ट झाल्या की जोडीची दुसरी खुंटी फिरवताना दोन्ही हात लागत, आणि एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तीच खुंटी रात्रीतून सुटून तार सैल पडलेली सापडे. खडू लावून काम भागले, पण या किमतीत खुंटी अधिक काळजीने घासलेली असायला हवी होती. मणी प्लास्टिकचे आहेत आणि पंचमाचा मणी निसटता असल्यामुळे बारीक मिळवणी टिकत नाही; तो मी दुसरा बसवून घेतला. गवसणीचे अस्तर भोपळ्याच्या बाजूला पातळ आहे. मी तंबोरा रेल्वेने पुण्याला आणताना तो पूर्ण प्रवासभर मांडीवर आडवा धरला होता, आणि कोणीही घेतला तरी तसेच करावे असे सांगेन, कारण भोपळ्याला तडा गेला तर तो सांधता येतो पण पहिला नाद परत येत नाही.

ज्यांचा रियाज रोज एकाच पट्टीत चालतो, ज्यांची पट्टी काळी तीन ते काळी पाच यांच्या दरम्यान आहे, आणि ज्यांना तारा स्वतः मिळवण्याचा कंटाळा नाही, त्यांनी हा तंबोरा निःशंक घ्यावा. ज्या शिक्षिकांना एका तासाला पांढरी दोनचा मुलगा आणि पुढच्या तासाला काळी पाचची मुलगी शिकवायची असते, त्यांना इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची गरज राहणारच. त्याची चकती फिरवली की बारापैकी कोणतीही पट्टी मिळते आणि तेथे तार तुटण्याचा प्रश्न नाही. माझ्याकडेही तो आहे. पण आठ महिने या लाकडी तंबोऱ्यावर गायल्यानंतर माझ्या दोन विद्यार्थिनींचा गंधार जितका स्थिर झाला, तितका आधीच्या तीन वर्षांत झाला नव्हता, आणि हा फरक त्यांच्या घरच्यांनीही ओळखला.

दिवाळीनंतर जवारी पुन्हा काढून घेण्यासाठी मी तंबोरा मिरजेला नेणार आहे. रोजच्या वापराने घोडीवर तारांचे चरे पडले आहेत आणि जोडीचा नाद थोडा बोथट झाला आहे. या वेळी जवारी काळी चारऐवजी पांढरी सहाला काढून द्या, असे सांगणार आहे, म्हणजे काळी पाच घरापासून एकाच पट्टीवर येईल.